गांजा मदाचे नोडल

भाऊंना हिंदी येत होती की नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांचं मत एकच होतं: येत नव्हती. मीही बरीच वर्षं तेच धरून चालले होते. आता ते नाहीत, आणि ज्यांना विचारावं अशा दोन बायका दोन उलट्या गोष्टी सांगतात. दोघींचंही मला पटतं, हीच तर पंचाईत आहे.

मी दुर्गची. माहेर बोरसीत, सासरही बोरसीतच, आणि नोकरी भिलाईत, निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, एका झोन ऑफिसात, कॉम्प्युटरवर, ठेक्यावर. आसपास निगम एकाहून जास्त आहेत, त्यातलं कुठलं ते विचारू नका. भाऊ तिथं विद्युत शाखेत होते. विद्युत शाखा म्हणजे खांबांवरचे दिवे. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून चुनखडीच्या खाणीत कामाला आले, त्यामुळे भाऊंचं लहानपण नंदिनी नगरात गेलं. ते मला 'बाई' म्हणायचे, जसं त्यांच्याकडं लेकीला म्हणतात.

भाऊ रस्त्यानं वर बघत चालायचे. बंद पडलेला दिवा दिवसासुद्धा ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. दिवे ते ओळखायचे की नाही देव जाणे, पण समोरचं गटार त्यांना कधी दिसायचं नाही. गुडघ्यावर कायम खपली. ओळखीचा माणूस समोरून येऊन निघून गेला, की मागं वळून त्याच्या पाठीला नमस्कार करायचे. सुपेल्याच्या बाजारात एकदा माझ्यासमोर त्यांनी एका बैलाला "माफ करजो दादा" म्हटलं होतं.

ऑफिसात ते आपल्या खुर्चीवर बसायचे नाहीत. बाहेर लोकांसाठी बाक होता, त्यावर बसायचे. कोणी तक्रार घेऊन आलं आणि म्हणालं, लाइटवाले साहब कहाँ हैं, की भाऊ म्हणायचे, "वो तो नहीं आए. बोलो, मेरे को बोलो." मग सगळं ऐकून घ्यायचे, 'त्या' साहेबाला वर दोन शिव्या घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी दिवा लावून द्यायचे. मी विचारलं, हे नाटक कशाला? म्हणाले, "साहेबाले लोक अर्धंच सांगतेत. बाकावरच्याले पुरं सांगतेत."

आता त्यांची हिंदी. आपण मराठी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तरी हिंदीत आपली एखादी माशी शिंकतेच. पण भाऊ अख्खं मराठी वाक्य उचलून त्याला शेवटी 'है' चिकटवायचे. एकदा नवीन साहेब आले. त्यांची फिरती खुर्ची उंच होऊन अडकलेली, गुडघे टेबलाला लागत होते. भाऊंना दया आली. सगळ्यांसमोर म्हणाले, "साब, कुर्सी खाली करो." हिंदीत खाली म्हणजे रिकामी. साहेबांनी यांना काही महिने भंगाराच्या गोदामात पाठवलं. जुन्या ट्यूबलाइटींमध्ये बसून आले बिचारे, आणि खुर्ची काही खाली झाली नाही, कुठल्याच भाषेत.

गोदामातून परत आले तेव्हाच ते अनुदान आलं. ओडिशाच्या बाजूनं आमच्याकडं गांजा येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शहरातला अवैध गांजा रोखायला पोलिसांना मदत करा, म्हणून निगमाला पैसा मिळाला. पण निगमानं नेमकं करायचं काय, हे कोणालाच कळेना. पोलीस म्हणाले, पैसा तुमच्याकडं आलाय, तुम्ही करा. निगम म्हणालं, गांजा पकडणं आमचं काम नाही, आम्ही फार तर गांजावाल्याचा नळ कापू. मी त्या विषयावर इतकी पत्रं टाइप केली की शेवटी कोण कोणाला काय विचारतंय तेच मला समजेनासं झालं.

फाइलीवर लिहिलं होतं 'गांजा मद'. सरकारी हिंदीत मद म्हणजे खर्चाचं खातं. भाऊंनी ते वाचलं आणि खूश झाले. "मद मंजे नशा ना बाई? पैशाची नशा अन् गांज्याची नशा, दोनी एकाच फायलीत आनल्या. हुशार हाय सरकार." मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढंही नशा याच अर्थानं तो शब्द वापरत राहिले.

या मदाला एक नोडल अधिकारी नेमायचा होता. कोणाचं बीपी वाढलं, कोणाची सासू आजारी पडली. उरले भाऊ. त्यांना तो शब्दच आवडला. चहाच्या टपरीवर, भाजीवाल्याकडं, बँकेत, सगळीकडं सांगायचे, "मी नोडल हाओ." वस्त्यांमधल्या लोकांना वाटलं की नोडल म्हणजे पोलिसातला दरोग्याच्याही वरचा कोणी. लोक त्यांना बघून विड्या विझवायचे. भाऊंनी हा गैरसमज कधी दूर केला नाही.

नोडल झाल्यावर पोलिसांबरोबर बैठका सुरू झाल्या आणि माझी करमणूक वाढली, कारण बैठकीत कोण काय बोललं ते टाइप करायला मी कोपऱ्यात असायची. पहिल्याच बैठकीत भाऊ उठले आणि तावातावानं म्हणाले, "साब, गांजा पीने वाले लड़कों को कड़क शिक्षा होनी चाहिए!" मोठे साहेब एकदम हळवे झाले. म्हणाले, वा, हा पहिला माणूस जो दंड्याची नाही, शिक्षणाची भाषा बोलतोय. झालं. पकडलेल्या पोरांना ठाण्यात न ठेवता निगमाच्या हॉलमध्ये बसवून वर्ग सुरू झाले, मध्ये समोसे. वर्ग कोण घेणार? नोडल. भाऊंनी त्यांना होल्डर जोडायला शिकवलं, कारण त्यांना तेवढंच येत होतं. त्यातली दोन-तीन पोरं आज वायरिंगची कामं करतात, त्यातल्या एकानं माझ्याच घरचा पंखा बसवला. भाऊ मात्र चिडलेले. "मले दोन फटके मारा मनाचं होतं बाई. यायनं शाळाच काढली."

मग एकदा ठाण्यातले शिपाई त्यांना हसले. कुठलासा पाला पुढं करून म्हणाले, नोडल साब, हुंगून सांगा गांजा आहे का. भाऊंनी हुंगून छातीठोकपणे गांजा सांगितला. निघाली अंबाडी. पुढच्या बैठकीत त्यांनी तक्रार केली, "साब, आपके सिपाहियों ने मेरे साथ बहुत चेष्टा की." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पोलिसांचे साहेब फुलून गेले, आपल्या लोकांचं असं कौतुक निगमानं कधी केलं नव्हतं. भाऊंनी मागितले तितके खांब त्यांनी तिथल्या तिथं मान्य केले. आता मागं वळून बघते तेव्हा मला शंका येते. तेव्हा आली नव्हती, मी हसू दाबण्यात गुंतले होते.

दिवे हाच भाऊंचा एकमेव उपाय होता. उजेडात कोणी गांजा ओढत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या मदातून त्यांनी अंधारे कोपरे, पडीक प्लॉट, तलावाची पाळ, सगळीकडं खांब उभे केले. परिणाम असा झाला की पोरं त्या खांबांखाली जमायला लागली. पूर्वी अंदाजानं चिलीम भरायची, आता नीट बघून भरायला लागली. भाऊ म्हणाले, "तरी पाय, कोन हाय ते तं दिसते!"

या सगळ्यात कौशल्याबाई यायची. तिच्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले.

कौशल्याबाई विधवा. नवरा कारखान्यात ठेकेदाराकडं होता. घर दोघा भावांचं, निम्म्यात ही, निम्म्यात दीर. ही पुढच्या खोलीत मेस चालवायची, कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेली पोरं जेवायची. दिराला तिचं निम्मं घरही हवं होतं. तो नळाला कुलूप लावायचा, चुलीवरचं पातेलं लाथाडायचा, दारू चढली की मारायचा. अंगणासमोरचा खांबावरचा दिवा तो दगडानं फोडायचा, म्हणजे शेजाऱ्यांना काही दिसू नये. दिवा फुटला की ती आमच्या ऑफिसात यायची आणि बाकावर बसलेल्या माणसाला सगळं सांगायची. भाऊ दिवा बदलून यायचे. तो पुन्हा फोडायचा. ठाण्यात ती कितीदा तरी जाऊन आली. तिथं एकच उत्तर: घर का मामला है, घर में सुलझाओ. तिचं म्हणणं एवढंच होतं की घर सोडलं तर मेस जाईल, आणि मेस गेली तर ती जाईल कुठं?

मार्च जवळ आला. अनुदान खर्च झालं होतं, पण पकडलेली पोरं वर्गात गेल्यामुळं कागदावर कारवाई एकही नव्हती, आणि कारवाई नसेल तर पुढचं अनुदान नाही. बैठकीत पोलिसांच्या साहेबांनी विचारलं, गांजाची पक्की खबर कोणाकडं आहे का? सगळे आपापल्या चहाकडं बघायला लागले. भाऊ उठले.

"साब, एक बाई है. विधवा. पूरी गांजी हुई है."

"गांजा?" साहेब सरसावून बसले.

"हाँ साब. देवर ने गांजा है. रोज गांजता है. सुबह-शाम उस घर में यही चलता है. आप खुद जाके देखो."

गांजणं म्हणजे छळणं, हे तुम्हाला-मला कळतं. त्या खोलीत ते कळणारी मी एकटी होते. माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. मी म्हटलं, "सर, वो ये बोल रहे हैं कि..." साहेबांनी हात वर केला, "मैडम, बाद में." तोवर त्यांनी पत्ता विचारला होता आणि भाऊंनी तो खांबाच्या नंबरासकट सांगून टाकला होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यातच गाठलं. "भाऊ, काय बोलून बसलात कळतंय का?"

"का बोललो? बाई गांजली हाय मनलो."

"हिंदीत त्याला गांजणं म्हणत नाहीत!"

"मंग का मंतेत?"

"परेशान."

"परेशान," ते म्हणाले, आणि नवीन शब्द पाठ करावा तसे तो पुटपुटत जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या भरून पोलीस कौशल्याबाईच्या दारात. मेसची पोरं पोहे खात होती, त्यांना उठवून भिंतीला उभं केलं. तांदळाचं पिंप उपसलं, हळदीचे, तिखटाचे डबे फरशीवर उलटे केले. शेजारच्या गच्च्या बायकांनी भरून गेल्या. गाड्यांचा आवाज आला तसा दीर मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळाला. गांज्यामुळं पळाला की वहिनीनं मारहाणीची तक्रार केली असं वाटून पळाला, कोणास ठाऊक. त्याच्या खोलीत एक चिलीम मिळाली, तीही थंड. पोलिसांनी 'संदिग्ध फरार', म्हणजे संशयित पळाला, असं लिहून घेतलं, कारवाई झाली, सगळे साहेब खूश झाले.

दीर परत आला नाही. दिवा फुटायचा थांबला. आणि काही दिवसांनी कौशल्याबाई आमच्या बाकासमोर येऊन उभी राहिली, बसली नाही.

"भाऊ, मार बंद झाला. पन पोट बी बंद झालं," ती म्हणाली. "माह्या मेसले लोक अड्डा मनून राहिले. पोरं येत नाई. नळावर बाया बोलत नाई. आता सांगा, मी का करू?"

मला भाऊंचा इतका राग आला की मी तिथून उठून गेले. एका बाईनं वर्षानुवर्षं मार खाऊन सांभाळलेलं नाव या माणसानं दोन वाक्यांत धुळीला मिळवलं होतं, आणि तो वर छताच्या ट्यूबलाइटीकडं बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंनी निगमाची शिडीची गाडी काढली, कौशल्याबाईच्या दारात उभी केली, बाहेर रस्त्यावर खाट टाकायला लावली आणि सगळ्या गल्लीला दिसेल असे जेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारमारून सांगितलं, "आओ भाई, नोडल इधर जेवता है!" त्या दिवसापासून रोज. ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांना ओढून नेलं. तो अंबाडी हुंगवणारा शिपाई, त्यालाही एकदा आणून पिठलं-भात खाऊ घातला. गल्लीनं हिशेब केला की जिथं खुद्द नोडल जेवतो तिथं अड्डा कसा असेल. हळूहळू पोरं परतली. नळावरच्या बायाही बोलायला लागल्या, जणू मधल्या काळात त्यांचे फक्त दात दुखत होते.

भाऊ निवृत्त झाले तरी त्यांचं तिथं जेवणं चालू होतं. मग एकदा कळलं की आजारी आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. दारातच थबकले. आतून भाऊंचा आवाज येत होता, बायकोशी बोलत होते, आणि हिंदीत! सरळ, स्वच्छ, बातम्या सांगणाऱ्यासारख्या हिंदीत, स्त्रीलिंग-पुल्लिंगाची एकही चूक नाही. बायको राजनांदगावच्या हिंदी घरातली. लग्नापासून हेच चाललेलं.

मी आत गेले तेव्हा माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं असणार.

"भाऊ, हे काय?"

"घरची हिंदी वेगळी बाई. हापिसातली वेगळी."

"म्हणजे त्या दिवशी बैठकीत तुम्ही मुद्दाम..."

"परेशान तं ते ठान्यात कितीदा मनली होती," भाऊ म्हणाले. "कोनी उठलं का? गांजलेल्या बाईसाठी कोनत्या सरकारनं मद काढलं, सांग बरं."

म्हणजे ठरवून? म्हणजे तिच्या नावाचं काय होईल हेही ठरवून? मी पुढं विचारणार इतक्यात ते कुशीवर वळले आणि अगदी भाबड्या आवाजात म्हणाले, "पन बाई, एक सांग. शिक्षा मंजे हिंदीत खरंच शाळा का वो?" मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. हसत नव्हते. मला आजही सांगता येणार नाही की तो माणूस माझी चेष्टा करत होता, मराठीतली की हिंदीतली.

पंधरवड्यात भाऊ गेले. त्यांची बायको म्हणते, "इनकी हिंदी में तो कभी ग़लती नहीं निकली." कौशल्याबाई म्हणते, "भाऊले हिंदी येत असती तं माह्या घरी पोलीस कावून आले असते?"

भाऊ गेल्यानंतरचा एक दिवस सांगते. भाऊ गेल्याचं तिला कळलं नसेल म्हणून मी दुपारी मेसवर गेले. पोरं जेवून गेली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला हाताला धरून आत ओढलं.

"हळू बोल. मले मालूम हाय." तिचे डोळे सुजलेले होते. "तो आला परत. चार दिवसांपासून कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर बसून राहते. इचारते, नोडल हाय का अजून, जेवाले येते का. मी कोनाले नाई सांगतलं भाऊ गेले मनून. रडाले बी दार लावा लागते."

तिनं ताट घेतलं. भात, वरण, वांग्याची भाजी, वर लोणचं. आतल्या खोलीत पाटासमोर मांडलं, पडदा अर्धा ओढला, आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, अजून पोळी वाढू का?"

फाटक वाजलं. दीर दारात होता. वाटला होता तसा धिप्पाड नव्हता, साधा, दाढी वाढलेला, डोळे लाल.

"वहिनी, बोलाचं हाय," तो म्हणाला.

कौशल्याबाईनं हातातली पोळी पडद्याआडच्या ताटात वाढली. आत कोणी उत्तर देणारं नव्हतं. दीर पडद्याकडं बघत होता, आणि एक पाय त्यानं उंबऱ्याच्या आत टाकला. मी कधी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले ते मला कळलं नाही.

"नोडल साहेब जेवून राहिले," मी म्हटलं. "थांबाचं असंन तं रस्त्यावर थांबा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. मग पाय मागं घेतला, फाटक लावून गेला. पानठेल्यावरही थांबला नाही.

मी फाटकाला कडी घातली आणि आत येऊन खाली बसले. कौशल्याबाईनं आतलं ताट उचलून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. "अन् उद्याले बी ये. भाऊ रोज येत होते."